थंडीतला पहिला हात

“हा डबा परत घ्या,” तो म्हणाला, आणि प्रायमरचा स्प्रे त्याने काउंटरवर इतका अलगद ठेवला, जणू आत कुणी झोपलं होतं.

रंगवालीने वर पाहिलं. रंगांचं दुकान खरं म्हणजे तिच्या आत्याचं. पण गुडघ्यांनी दगा दिल्यापासून आत्या हीटरशेजारची खुर्ची सोडत नसे. डबे, ब्रश, गिऱ्हाइकं, सगळं भाचीच्या गळ्यात. म्हणून साऱ्या गल्लीने तिचं नाव रंगवाली पाडलेलं.

समोरचा माणूस कानांपर्यंत मफलर गुंडाळून उभा होता. बाहेरच्या गारठ्यातून उबेत आल्यामुळे त्याच्या चष्म्यावर वाफ धरली होती. त्याने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदा बघितलं ते थेट तिच्या दातांकडे.

“काय झालंय डब्याला?”

“खराब आहे. रंग येत नाही, वाळू येते.”

त्याने खिशातून एक पत्र्याची डबी काढली. आत कापूस, आणि कापसात बोटाएवढा एक माणूस. टोपी, कोटाची बटणं, हातात वाजवायचं काहीतरी. सगळं काम इतकं बारीक, की तिने श्वास रोखून बघितलं. पण टोपीपासून बुटांपर्यंत करडे कण चिकटलेले.

“हे काय, पिठाच्या गिरणीत असतात का?” तिला हसू आलं.

“क्लॅरिनेट वाजवतात,” तो गंभीरपणे म्हणाला.

आता तर तिला हसू आवरेना. “अहो, डबा नीट हलवला नसेल. आतली गोळी खडखडेपर्यंत हलवायचा. हा नवा न्या. भरपूर हलवा आणि बिनधास्त मारा.”

त्याने मान डोलावली, नवा डबा घेतला आणि गेला. दाराची घंटा किणकिणली. गार वाऱ्याचा एक झोत आत आला.

“गिऱ्हाइकाला हसू नये गं,” खुर्चीतून आत्या म्हणाली. “गेल्यावर हसावं.”

शनिवारी तो परत आला. या वेळी तक्रार केली नाही. डबीचं झाकण उघडलं आणि डबी तिच्यापुढे सरकवली. कापसात दुसरा वादक होता, पोटावर मोठा ढोल बांधलेला. त्याच्या चेहऱ्यावर कणांचा असा थर बसला होता, की नाक कुठलं आणि मिशी कुठली, काही कळत नव्हतं.

“हलवला होता का?” तिने विचारलं. पण आवाजात आता तो तोरा नव्हता.

“हात दुखेपर्यंत. हे माझे वडील आहेत,” तो म्हणाला. “म्हणजे... होते.”

मग तुकड्यातुकड्याने कळलं. तो दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचा. त्याच कडक मसाल्यातून, त्याच बारीक हत्यारांनी त्याने वडिलांचा सगळा बँड घडवला होता. वडील तीस वर्षं ढोल वाजवत होते. आता म्हातारे बँडमास्तर निवृत्त होणार होते. पुढच्या रविवारी हॉलमध्ये त्यांचा शेवटचा कार्यक्रम होता, आणि त्यांना हा चिमुकला बँड द्यायचा होता. रंग चढवायचा तर आधी प्रायमरचा हात मारायलाच हवा, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून त्याने सुरुवात केली, आणि हे असं झालं.

रंगवालीला आपलेच शब्द आठवले. ‘बिनधास्त मारा’ असं तीच म्हणाली होती ना! विचार न करता, तोंडाला आलं म्हणून.

“मारता कुठे?”

“गच्चीवर. घरात वास कोंडतो, आईला खोकला येतो. डबाही तिथेच ठेवतो.”

“रात्रभर? अशा थंडीत?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“थंडीनेच होत असेल. नक्की माहीत नाही हं,” ती म्हणाली. “आम्ही नुसते विकतो. लोक दारं रंगवतात, खुर्च्या रंगवतात, कुणी तक्रार घेऊन येत नाही. पण चला, मागच्या अंगणात बघू. जुनी बटणं आहेत माझ्याकडे, त्यांच्यावर प्रयोग करू. बटणांना आईवडील नसतात.”

त्याला हसू आलं. पहिल्यांदाच.

अंगणात बादलीतल्या पाण्यावर बर्फाची पातळ साय धरली होती. गार डबा नुसता थुंकला. मग तिने एका पातेल्यात कोमट पाणी आणलं.

“गरम नको,” ती म्हणाली, “फुटला तर दुकान, आत्या आणि आपण, सगळेच आकाशात.” आणि पाणी बरोबर कोमटच राहतंय ना हे कळावं म्हणून ती स्वतःचा हात पाण्यात बुडवून बसली. जरा वेळाने डबा पुसून, हलवून पुन्हा फवारला. आता धार धुक्यासारखी बारीक आली. पण बटणावर मात्र पुन्हा तेच कण!

“आता काय बिघडलं?” ती वैतागली.

त्याने बटण बोटांत धरलं. “हे थंडगार आहे. इतका वेळ बाहेरच होतं.”

मग खिशात घालून ऊब दिलेली बटणं बाहेर काढली, पटकन एक हलका फवारा मारला आणि धावत आत आणली. हीटरपासून जरा लांब फळीवर ठेवून दोघं वाकून बघत बसली. थर वाळला. गुळगुळीत, साबणासारखा.

“जमलं!” ती ओरडली.

“जमलं,” तो हळूच म्हणाला. पण तो बटणाकडे बघत नव्हता.

“तुम्ही सारखे माझ्या दातांकडे का बघता हो?”

तो गडबडला. “सवय आहे... माफ करा. तुमचा समोरचा डावा दात जरासा वळलेला आहे.”

“वा! मदत करावी तर दोष काढता?”

“दोष नाही. तो सरळ असता तर हसू कुणाचंही वाटलं असतं.”

ती उगाचच पातेलं आणायला अंगणात गेली.

त्यानंतर तो रोज लॅब सुटली की येऊ लागला. बिघडलेले वादक दुकानामागच्या खोलीत स्पिरिटमध्ये भिजवून, मऊ ब्रशने साफ करायचं काम सुरू झालं. थिनर मात्र तिने कपाटात बंद केला. “थिनर चेहरे खाऊन टाकेल,” हे तिने आधी बटणावर करून बघितलं होतं. आता ती काहीही न बघता बोलत नसे.

आत्याने पहिल्या दिवशी भुवई उंचावली. दुसऱ्या दिवशी, “माझी कवळी बोलताना टाळ्या वाजवते, बघता का जरा?” असं विचारलं. तिसऱ्या दिवशी कवळी घासूनपुसून घट्ट बसली, आणि आत्या फिदाच झाली. “तुझे कवळीवाले आले गं,” ती आतूनच हाक मारू लागली.

“माझे कुठले, आत्या? तुझीच कवळी!”

“हो का? मग लाल का होतेस?”

कवळी बसवताना आत्याने त्याला आणखीही एक गोष्ट सांगून टाकली. हिवाळा संपला की ती मुलाकडे राहायला जाणार होती. दुकान दुसऱ्याला दिलं होतं. आणि भाचीला रंगाच्या कारखान्यात नोकरी मिळाली होती, दूरच्या शहरात, पुढच्याच महिन्यापासून.

त्या संध्याकाळी तो मागच्या खोलीत आला तो तिच्याकडे न बघताच बसला.

“काय झालं?”

“काही नाही. अभिनंदन,” तो म्हणाला, आणि क्लॅरिनेटवाल्याची टोपी गरज नसताना पुन्हा घासू लागला.

तिला वाटलं, याने काहीतरी विचारावं. कधी जाणार, का जाणार, काहीही. त्याने विचारलं नाही. तीही हट्टाला पेटली आणि बोलली नाही.

क्लॅरिनेटवाला स्वच्छ निघाला. ढोलवाले वडील मात्र बिघडले. कण निघाले, पण त्यांच्याबरोबर नाकाचा शेंडा आणि ओठांची कडही गेली. चेहरा झिजल्यासारखा दिसू लागला. तो कितीतरी वेळ भिंगातून बघत राहिला. मग त्याने हत्यार खाली ठेवलं.

“राहू दे. ढोलवाला नसला तरी चालेल.”

“चालेल कसं? बँडला ढोल नको?”

“एकच फोटो आहे. त्यात ते ताठ उभे आहेत, तोंड मिटून. तो बघून एकदा कसंबसं जमवलं होतं. पुन्हा नाही जमायचं.”

त्याच्या हातून असं झालंय ते आपल्यामुळे, हे तिला ठाऊक होतं. पण ‘सॉरी’ म्हणून नाक थोडंच परत येणार होतं? ती त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली.

“फोटो सोडा. तुम्हाला ते कसे आठवतात?”

“म्हणजे?”

“डोळे मिटा. ढोल वाजवतायत. कसे दिसतात?”

त्याने डोळे मिटले. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. “गाल फुगवायचे. प्रत्येक ठोक्याला. ढोलाला फुंकर लागत नाही, तरी हे आपले फू करून गाल फुगवायचे. सगळा बँड चेष्टा करायचा. आई म्हणायची, ढोल वाजवता की चूल पेटवता?”

“मग मिटलेलं तोंड कशाला केलंत?”

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने मसाला कालवायला घेतला. आत्याने बाहेरून दोनदा चहाला हाक मारली, दोनदा तो निवून गेला. शेवटी त्याने भिंग तिच्या हातात दिलं. भिंगाखाली एक लहानसा माणूस दोन्ही गाल फुगवून, डोळे बारीक करून, जीव तोडून ढोल बडवत होता. त्या माणसाला तिने कधी पाहिलं नव्हतं. तरी तिला ओळखीचं हसू आलं.

शुक्रवारी धुकं होतं, पण दुपारी जरा उघडलं. डबा कोमट पाण्यातून निघाला. वादक फळ्यांवर ओळीने चिकटवलेले, उबदार खोलीत तयार. आत्या गुडघे विसरून दाराशी उभी राहिली. “आणा! मारा! पळा! अगं दार लाव, माझी सगळी ऊब चालली!”

एकेक फळी अंगणात गेली, हलका हात बसून परत आली. शेवटची फळी ढोलवाल्याची. त्याने डबा धरला, पण बोट दाबलं जाईना.

“तुम्ही मारा,” तो म्हणाला.

“मी? माझ्याच सांगण्यावरून एकदा...”

“म्हणून नाही. तुमच्या हातावर माझा विश्वास आहे म्हणून. लवकर, ते गार पडतायत.”

तिने डबा घेतला. वीतभर लांबून, डावीकडून उजवीकडे, एकच हलका हात. मग फळी छातीशी धरून ती आत धावली. सगळे वाकले. फुगलेले गाल, मिशी, नाक – एकही कण नाही.

“बाई गं,” आत्या म्हणाली, “आता तरी कुणीतरी चहा प्या!”

शनिवारी वादकांवर रंग चढला, आणि रविवारी कार्यक्रम संपल्यावर त्याने बँडमास्तरांपुढे पेटी उघडली. म्हातारबुवांनी चष्मा बदलला. स्वतःला त्यांनी ओळखलंच नाही. “हा पोक काढलेला कोण?” असं विचारलं. मग त्यांची नजर मागच्या ओळीवर गेली.

“अरे! हा तर आपला फुग्या!” ते इतक्या जोरात ओरडले, की सगळा बँड गोळा झाला. जो तो वाकून बघे, गाल फुगवे आणि हसे. हसता हसता बँडमास्तर एकाएकी थांबले. त्यांनी फुग्याच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

रंगवाली खांबाशी उभी राहून हे बघत होती. आपले डोळे भरलेत हे तिला उशिरा कळलं.

हॉलमधून निघून दोघं कोपऱ्यापर्यंत चालत आली. तोंडातून वाफा निघत होत्या.

“मी काल बसस्टँडवर जाऊन आलो,” तो म्हणाला. “तुमच्या त्या शहराला शनिवारी दुपारी एक बस जाते. रविवारी रात्री शेवटची परत येते.”

“माझ्यासाठी चौकशी केलीत?”

“नाही. माझ्यासाठी.”

ती थांबली. “एवढ्या लांब येऊन काय करणार?”

“तुम्हाला भेटणार. बाकी काही ठरवलेलं नाही.”

“कवळीवाले, सरळ बोला. मला आडून बोललेलं कळत नाही.”

त्याने मफलर तोंडावरून खाली ओढला. “तुम्ही मला आवडता. पहिल्या दिवसापासून नाही हं, पहिल्या दिवशी तर मला तुमचा रागच आला होता. तुम्ही कोमट पाण्यात हात बुडवून बसला होतात ना... तेव्हापासून.”

असं काही ऐकल्यावर छाती धडधडेल, कान तापतील, असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. बाहेरून घरी येऊन चपला काढाव्यात, तसं अगदी साधं, मोकळं वाटलं.

“मला वाटलं होतं, तुम्ही कधी विचारणारच नाही,” ती म्हणाली. “मीही मग तोंडाला कुलूप लावून बसले. मूर्खच की मी. मलाही तुम्ही आवडता. आणि आता हे ‘तुम्ही’ पुरे. दर शनिवारी बसने येणाऱ्या माणसाने अहो-जाहो करू नये.”

“लगेच?”

“लगेच.”

“तू...” त्याने मफलर पुन्हा वर ओढला. “तू म्हणजे... तुम्ही...”

ती खळखळून हसली. रस्त्यावरचे दोघंतिघं वळून बघू लागले. “राहू दे. मीच सुरुवात करते. तू येशील ना?”

“येईन. तू थांबशील? बस उशिरा आली तरी?”

“थांबेन,” ती म्हणाली.

पहिल्याच शनिवारी धुक्यामुळे बस फार उशिरा पोचली. स्टँडवरची सगळी दुकानं बंद झाली होती. ती थांबली होती.