उंचावरची बटणं

उद्या घर पक्कं करायला निघालाय म्हणता. बरं आहे. शाळा किती लांब, बस कुठे थांबते, नळाला पाणी किती वेळ, सगळं विचारून झालंय तुमचं, मघापासून ऐकतोय मी. आता दोन घटका माझं ऐका. सूनबाई, दार ओढून घे आणि इकडे येऊन बस.

हे माझ्या जोडीदाराबाबत घडलेलं आहे. आम्ही दोघे वायरमन. तीस वर्षं घरोघर वायरी ओढल्या, तो शिडीवर आणि मी खाली शिडी धरून. माणूस असा, की थापा सोडा, साधी गोष्टसुद्धा वाढवून सांगायचा नाही. म्हणून तर सांगतोय.

त्याच्या लेकीला आणि जावयाला एक घर आवडलं होतं. गल्लीतलं शेवटचं. खाली दोन खोल्या, वर दोन, मधून सिमेंटचा जिना. मागे मोकळं रान आणि त्याच्या पलीकडे नदी, पण तीही चालत गेलं तर अर्ध्या तासावर. किंमत इतकी कमी, की जावयाची झोप उडाली होती, दुसरं कुणी उचलेल म्हणून. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही फक्त वायरिंग बघून या. बाकी आम्ही बघितलंय."

गेला दुपारचा. एजंटाने कुलूप उघडून दिलं. आमच्या या गड्याचं काम सावकाश. आधी गटाराच्या झाकणाशी वाकून वास घेतला. मागच्या रानात एखादा कारखाना धूर सोडतोय का ते पाहिलं. भिंतींवर बोटाने टकटक करून ओल चाचपली. सगळं ठीक. मग पंखा लावायला हात पुढे केला, तर हात नुसता भिंतीवर फिरत राहिला. बटण तिथे नव्हतंच. बोर्ड त्याच्या डोक्याच्याही हातभर वर होता. प्लगसुद्धा तिथेच वर. खालच्या दोन्ही खोल्यांत तसंच. वरच्या मजल्यावर मात्र सगळं नेहमीच्या जागी.

"लहान मुलांचे हात लागू नयेत म्हणून हो," एजंट म्हणाला.

समोरच्या घरात एक बाई शिवणकाम करायची. हा तिच्या दारात जाऊन उभा राहिला. तिच्या मशीनच्या पायांखाली दोन दोन विटा. कपाटाखाली तीन तीन.

"ताई, या गल्लीत पुराचं पाणी कधी..."

"नाही," बाई म्हणाली. त्याचं वाक्य पुरं झालंच नव्हतं.

"तुमच्याकडे लहान मुलं आहेत?"

"मोठी झाली. परगावी असतात."

तेवढ्यात तिने कोपऱ्यातली काठी घेतली आणि काठीच्या टोकाने पंखा बंद केला. तिचाही बोर्ड तिथेच, वर. आणि छातीच्या उंचीला भिंतीत एक चौकोन बुजवलेला. जुन्या बोर्डाची जागा. वायरमनच्या डोळ्यांना रंगाच्या आतलं दिसतं.

किराणावाल्याला विचारलं, गिरणीवाल्याला विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर, कधीच नाही. सगळे एकाच सुरात बोलले, तेच त्याला खटकलं. लेकीला फोन करून म्हणाला, "मी आज रात्री इथेच राहतो."

"बाबा, अंधारात काय दिसणार तुम्हाला?"

"दिवसा घर पाहुण्यासमोर वागावं तसं वागतं गं. रात्री कळतं कसं आहे ते."

तारीख सांगतो. गेल्या वर्षीची सप्टेंबरची एकोणीस. शुक्रवार. पंधरा दिवसांत पावसाचा थेंब नव्हता, आभाळ निरभ्र. याने खालच्या खोलीत सतरंजी टाकली, उशाला बॅटरी ठेवली. दहापर्यंत कुणाचातरी टीव्ही चालू होता. अकराला मोठ्या रस्त्यावरून दोन ट्रक गेले, तेही त्याने कागदावर लिहून ठेवलं. मग गल्ली गप्प झाली. जागा शांत आहे, असं मनाशी म्हणत त्याचा डोळा लागला.

एक चाळीसला जाग आली. घड्याळ पाहिलं म्हणून वेळ माहीत.

शेजारच्या घरात काहीतरी जड ओढत होते. कपाट असावं. लादीवरून लोखंड घासल्याचा आवाज. हा मनात म्हणाला, या वेळेला? मग तसाच आवाज समोरून आला. मग त्याच्या पलीकडून. मग सगळ्या गल्लीतून. भांडी गोळा होत होती, ट्रंका उचलल्या जात होत्या, जिन्यांवर पावलं धावत होती. वर. सगळी वर. आणि कुणी बोलत नव्हतं.

त्याने खिडकी उघडली. एकाही घरात दिवा नाही. सगळी दारं बंद. गल्लीत चिटपाखरू नाही. आवाज मात्र चालूच.

त्याने बॅटरी दाबली. लागली नाही. भिंतीवर हात फिरवला... बोर्ड वर होता. टाचा उंचावून बटण दाबलं. दिवा लागला नाही.

आणि मग त्याच्याच स्वयंपाकघरात एक डबा वाजला. रिकामं घर ते. तिथे डबा नव्हताच.

तो जिन्याकडे पळाला. चार पायऱ्या चढला, पाच चढला, वळणाशी आला. खालून बाईचा आवाज आला. हळू. घाई होती त्या आवाजात, पण घाबरलेला नव्हता.

"धरा."

त्याच्या हातात गाठोडं आलं. अंथरुणाचं. ओलंचिंब, जड. काय करावं कळेना. वरून कुणी पुरुष म्हणाला, "दे इकडे." दोन हातांनी गाठोडं वर ओढून घेतलं.

"धरा." हंडा.

"दे इकडे."

"धरा." पेटी. मोठी, दोघांनी उचलावी अशी. ती वर गेली, वरच्या खोलीत सरकत सरकत आत गेली.

आयुष्यभर शिडीवर उभं राहून खालून सामान घ्यायची सवय असलेले हात. ते आपोआप चालत होते. तो मधोमध अडकला होता. वर माणूस, खाली बाई. दोघेही दिसत नव्हते. पायाखाली पायरी कोरडी ठाक होती. पाण्याचा आवाज नव्हता. फक्त... बाईचा आवाज दर खेपेला एक पायरी वरून येत होता.

आधी सर्वांत खालच्या पायरीवरून.

मग दुसऱ्या.

मग तिसऱ्या.

"हिला धरा. झोपलीये."

त्याच्या छातीशी एक मूल आलं. दोन-अडीच वर्षांचं असेल, वजनावरून. मान त्याच्या उजव्या खांद्यावर टेकली. मुलाने झोपेत एक सुस्कारा सोडला.

तो वर तोंड करून थांबला. वरून कुणी काही म्हणालं नाही.

"वर... कोण आहे?"

काही नाही.

"अहो..."

काही नाही. सगळ्या गल्लीतले आवाज थांबले होते.

बाईचा आवाज आता त्याच्या लगेच खालच्या पायरीवरून येत होता. तिचा श्वास त्याच्या गुडघ्याला लागत होता. गार.

"वर न्या तिला."

"वर कुणी नाहीये," तो कसाबसा म्हणाला.

"तुम्ही आहात ना."

तो वळला. चढला. किती पायऱ्या, आठवत नाही त्याला. मागे वळून पाहिलं नाही. मागून पाऊलही वाजलं नाही. वरच्या खोलीत भिंतीला पाठ लावून तो बसला, मूल छातीशी धरून. चेहरा पाहायची छाती झाली नाही. जिन्याकडे बघवत नव्हतं. खाली काहीतरी पाण्यात पडावं तसं वाजलं... एकदाच. मग काही नाही.

काही नाही.

उजाडलं तेव्हा त्याचे दोन्ही हात तसेच घडी घातलेले होते. मधे कुणी नव्हतं. ओझं कधी गेलं ते त्याला सांगता आलं नाही. खाली आला तर लादी कोरडी, सतरंजी जशीच्या तशी, बॅटरी दाबल्याबरोबर लागली.

शिवणवाली बाई दारात उभी होती. जणू त्याचीच वाट बघत. त्याला पाहून म्हणाली, "वर होतात ना रात्री?"

"ताई, काल तुम्ही खोटं बोललात."

"बोलले." तिने पदराने तोंड पुसलं. "वरच्या धरणातून रात्री पाणी सोडलं होतं. न सांगता. अकरा वर्षं झाली काल. अर्ध्या तासात छातीपर्यंत आलं. आम्ही आपापलं सामान वर नेत होतो, तसे या घरातले नवरा-बायकोही. ती खालून देत होती, नवरा वरून घेत होता. पेटी ठेवायला तो आतल्या खोलीत गेला... तेवढाच वेळ, भाऊ. तेवढ्यात तिने पोरीला वर धरलं होतं. आम्हाला ऐकू येत होतं. धरा म्हणत होती. तो बाहेर आला तेव्हा जिन्यावर दोघी नव्हत्या."

"मग काल का नाही सांगितलंत? माझी लेक राहायला येणार होती इथे."

बाईने मान खाली घातली. "आम्हालाही विकायचंय ना. खरं सांगितलं तर आमचं कोण घेईल?"



लेकीला त्याने बोर्डांचं सांगितलं, विटांचं सांगितलं, बुजवलेल्या चौकोनांचं सांगितलं. तेवढ्यावर ती समजली. शिकलेली पोर आहे, जुने पुराचे नकाशे कचेरीतून काढून आणले तिने, त्यात ती गल्ली होती. घर घेतलं नाही. रात्रीचं त्याने फक्त मला सांगितलं. सांगताना एवढंच म्हणाला, "पोरीला घेतलं मी. पण बाईला हात द्यायचा राहिला."

एवढंच असतं तर मीही म्हणालो असतो, म्हातारा झाला, स्वप्न पडलं. पण त्या रात्री अंगात होता तो सदरा त्याच्या बायकोने धुऊन वाळत टाकला. संध्याकाळपर्यंत वाळला. उजव्या खांद्यावरची तळहाताएवढी जागा सोडून. दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात टाकला. इस्त्री फिरवली. चुलीजवळ टांगला. बाकी कापड करकरीत, आणि तेवढी जागा ओली.

आता दाराच्या मागे खिळ्याला असतो तो. या उन्हाळ्यात मी गेलो होतो, तेव्हा त्याने माझा हात धरून त्या खांद्यावर ठेवला.

ओलं कापड हाताला गार लागतं, हो ना?

ते कोमट होतं.