जिन्यातला उलटा दगड

कुणीतरी हा दगड चोरला. चोरून लपवला असता तर निदान लाज तरी होती असं म्हणता आलं असतं. पण चोराने तो स्वतःच्या घराच्या भिंतीत बसवला, तोही डोकं खाली करून, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावं आणि हसावं. त्यानंतर पाचशे वर्षं या जिन्याने चढणाऱ्या प्रत्येकाने ही चोरी पाहिली आणि वर जाऊन निवांत जेवण केलं.

रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना वाचून दाखवायच्या टिपणाची ही सुरुवात होती. इन्ना गोफमानने ती रात्रभर जागून लिहिली होती. बसमध्ये झाल्मानकाकांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि काचा पुसत राहिले. सिनेगॉगची, म्हणजे ज्यू प्रार्थनाघराची किल्ली, दिवे आणि म्हाताऱ्यांची भांडणं ही सगळी गेली वीस वर्षं त्यांच्याकडेच होती.

"पोरी, पाहुण्यांना चहा देणार आहेस की फटके?"

"खोटं आहे का त्यात काही?"

"खरं आहे. म्हणूनच विचारलं."

इंग्लंडमधल्या लीड्सहून बावीस जण येणार होते. आपले पूर्वज पाचशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या या रेगेन्सबुर्गच्या ज्यू वस्तीतून हाकलले गेले, एवढं एकच वाक्य त्यांच्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या उरलं होतं. वस्ती तर चार दिवसांत पाडली गेली, तिच्या जागी चौक झाला. कबरस्तानातले दगड लोकांनी घरोघर नेले. पाहुण्यांना दाखवायचं काय? चौक, त्याखाली उरलेली वस्तीची तळघरं आणि श्टाडलरबाईंच्या जिन्यातला हा दगड. बाईंनी तीन पत्रांनंतर दहा मिनिटांची परवानगी दिली होती. आज गुरुवार, रंगीत तालीम.

इन्नाला आज आणखी एक काम होतं. तिची आजी प्रिवा इसाकोव्ना गेल्या हिवाळ्यात गेली. तिच्या कबरीवरच्या दगडावरचा कपडा रविवारीच, पाहुण्यांच्या साक्षीने काढायचा होता. दगड तयार होता, पण नावाची ओळ मोकळी होती, कारण रिवाजाप्रमाणे त्या ओळीत वडिलांचंही नाव लागतं, आणि आजीच्या वडिलांचं पूर्ण नाव घरात कुणालाच पक्कं माहीत नव्हतं. परवा युक्रेनमधल्या झितोमिरहून आलेल्या जुन्या पत्रांत ते सापडलं: इत्झिक-मेयर. "आज संध्याकाळपर्यंत कळवा, उद्या सकाळी कोरतो," असं पाथरवट मेस्नरने बजावलं होतं. आजीने इन्नाला लहानाची मोठी केली होती. 'इन्नोच्का' अशी लाडाची रशियन हाक फक्त तीच मारायची. त्या बाईचं नाव दगडावर नीट यावं, एवढं एक ऋण इन्नाला फेडायचं होतं.

श्टाडलरबाईंनी दार उघडलं ते अर्धंच.

"पाय पुसा. आणि भिंतीला हात लावायचा नाही, चुना सुटतो." त्यांनी दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बावीस म्हणजे बावीसच ना? मागच्या वेळी कुणीतरी भिंतीच्या फटीत प्रार्थनेच्या चिठ्ठ्या खोचून गेलं. माझं घर आहे हे, पोस्टाची पेटी नाही."

"घर तुमचं," इन्ना म्हणाली, "दगड नाही."

"मग घेऊन जा की उपटून. वरचे तीन मजले डोक्यावर येतील तेवढे झेला."

बाई निघून गेल्या. झाल्मानकाकांनी जिन्यातल्या दिव्याचं बटण दाबलं. खोक्यात घड्याळ टिकटिकू लागलं. दोन मिनिटं उजेड, मग पुन्हा बटण. जिन्यात ओल्या चुन्याचा, तळघरातल्या सफरचंदांचा आणि कुणीतरी शिजवलेल्या कोबीचा वास होता. दुपारचे अडीच वाजले होते, पण नोव्हेंबरचा उजेड दाराच्या आत येत नव्हता.

वळणावर, छातीच्या उंचीवर तो होता. करडा, गुळगुळीत, वरची कड फुटलेला. हिब्रू अक्षरं सगळी उलटी. इन्नाने फोनने फोटो काढला आणि फोन फिरवून धरला.

"काय करतेस?" काका दोन पायऱ्या खालीच थांबले होते.

"वाचतेय. रविवारी मी हे नाव मोठ्याने वाचणार आहे. पाचशे वर्षांत कुणी घेतलं नसेल."

"नको वाचूस." त्यांचा आवाज अचानक खाली आला. "आमच्या घरी कबरीवरचं वाचत नसत. माझा बाप स्वतःच्या बापाच्या कबरीवर जायचा तोसुद्धा डोळे मिटून. वाचणारा आपल्या डोक्यातलं विसरतो म्हणायचा."

"परीक्षा झाली माझी. आता विसरले तरी चालेल."

"थट्टा राहू दे. ही तर साधी कबरसुद्धा नाही. दगडावरच्या या बाईला उलटं टांगलंय, पाचशे वर्षं. राग नसेल तिला?"

"असेल ना, असायलाच हवा. पण मी तिच्या बाजूची आहे, काका."

"तिला काय माहीत?"

म्हाताऱ्यांच्या या भित्रेपणाचा इन्नाला खरोखर राग यायचा. गप्प बसून, डोळे मिटून, नावं न घेऊनच तर ही पाळी आली. तिने फोन डोळ्यांजवळ धरला आणि खणखणीत आवाजात वाचलं. "येथे विसावली आहे गुट्लिन, योएलची मुलगी."

जिन्यात आवाज घुमला नाही. दगडाने तो पिऊन टाकला असं वाटलं.

तिने दुसऱ्यांदा वाचलं, जरा हळू. तिसऱ्यांदा वाचताना दिवा गेला.

टिकटिकही थांबली. काका खाली बटण चाचपडत होते, त्यांच्या कोटाची सळसळ येत होती. पण इन्नाच्या कानाजवळ, भिंतीच्या बाजूने, दुसराच आवाज होता. कुणीतरी तोंडातल्या तोंडात काहीतरी घोळवत होतं. नवीन शब्द पाठ करताना माणूस करतो तसं… पुन्हा… पुन्हा… आणि एक थंड, कोरडा वास, शतकानुशतकं न उघडलेल्या पेटीचा.

"काका… तुम्ही बोलताय?"

"नाही." खालून उत्तर आलं. "तू… तू बोलतेस ना?"

दिवा लागला. दगड होता तसाच होता. फक्त नावाच्या ओळीतली अक्षरं, तेवढीच, ओली दिसत होती.

काका तिचा हात धरून तिला बाहेर घेऊन आले. चौकातल्या कॅफेत दोघं बसले. काकांनी चहात चार चमचे साखर घातली आणि ढवळायचं विसरले. "रविवारी चौकच दाखव त्यांना," ते म्हणाले. "या घराकडे आणू नकोस." इन्ना हसली, म्हणाली, वायरिंग जुनं आहे. मग तिला मेस्नरची आठवण झाली. तिने तिथेच फोनवर नाव लिहिलं, पाठवलं, आणि कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

शुक्रवारी सकाळी नवाला मेस्नरचा फोन आला.

"झालं बघा तुमचं काम. सुरेख उठलंय नाव. गुट्लिन, योएलची मुलगी."

इन्ना ओट्याजवळ उभी होती. हातातला कप तिने सावकाश खाली ठेवला.

"हे… हे नाव नाही."

"तुम्हीच पाठवलंय की. माझ्यासमोर आहे."

तिच्याही समोर होतं. तिच्याच फोनवर, कालचं, तीन वाजून दहा मिनिटांचं.

"चुकलंय. माझ्या आजीचं नाव…" ती थांबली. तोंड उघडं होतं. आजीचे हात आठवत होते, खांद्यावरची शाल, कांदा परतल्याचा वास. नावाच्या जागी नुसता गुळगुळीतपणा होता. "थांबा, बघून सांगते."

तिने कपाटातून मृत्यूचा दाखला काढला. नाव छापलेलं होतं, डोळ्यांना दिसत होतं. पण एक अक्षर वाचून दुसऱ्यावर जाईपर्यंत पहिलं निसटत होतं. बोट ठेवून पाहिलं. झितोमिरची पत्रं काढली. तेच.

"बाई, ग्रॅनाइट आहे तो," मेस्नर म्हणत होता. "फळा नाही पुसायला. रविवारपर्यंत दुसरा दगड मिळायचा नाही." त्याने फोन ठेवला.

तिने झाल्मानकाकांना फोन लावला.

"काका, माझ्या आजीचं नाव काय होतं?"

काकांनी काहीतरी म्हटलं, पण तिला फक्त खरखर ऐकू आली.

"काय म्हणालात?"

पुन्हा खरखर.

"काका, नाव सांगा ना."

तिसऱ्यांदाही खरखरच.

"सांगितलं, पोरी," म्हातारा रडत होता. "तीनदा सांगितलं."

तिने फोन बंद केला. खिडकीबाहेर कचऱ्याची गाडी उभी होती, माणसं डबे ओढत होती, कुणीतरी कुणालातरी शिवी देऊन हसलं. दगड चोरणाऱ्यावर तिने पानभर लिहिलं होतं. तो कागद अजून ओट्यावरच होता. पहिली ओळ तिने पुन्हा वाचली आणि कागद पालथा घातला.

फोन पुन्हा वाजला. नंबर श्टाडलरबाईंचा होता.

"तुमच्या भेटीबिटी आता पुरे झाल्या," बाई चिडलेल्या होत्या, पण आवाज चोरटा होता, शेजारी कुणी ऐकेल या भीतीने दबलेला. "काल तुमच्यापैकी कुणी मागे राहिलंय का? वळणावर दिसत तर कुणीच नाही, पण पहाटेपासून एक म्हातारी रशियनमध्ये रडतेय. माझ्या नवऱ्याला थोडं कळतं, तो म्हणतो, ती कुणा इन्नोच्काला सांगतेय की मला सरळ कर, डोक्यात रक्त उतरतंय."