मोकळं चरण

दिवे लागून बराच वेळ झाला होता. केनवडच्या देवळाच्या ओट्यावर भजनी मंडळाची पोरं मृदंग वाजवून पाहत होती. देवलाने डाव्या तोंडावर कणकेचा भला मोठा गोळा थापला होता. थाप पडली की ओटा हादरायचा.

"कणीक कमी कर रे, देवला," खांबाला टेकून बसलेले दौलतराव म्हणाले.

"मंग घुमारा कुठून येईन, काका? तुमाले का, तुमाले तं दंडारीच्या नाचगाण्यातही झोप लागते."

पोरं हसली. दौलतरावही हसले.

"घुमाऱ्याचा शौक मलेही होता बाप्पा," ते म्हणाले. "जानरावचं पायलं, अन् तो शौक गेला. जानराव माह्या शेजारचा. खोटं सांगत नाही."

जानराव मृदंग वाजवायचा आणि रामधन गायचा. दोघं लहानपणापासूनचे सोबती. रामधनचा आवाज बारीक, पण विहिरीच्या पाण्यासारखा नितळ. जानरावला मात्र घुमाऱ्याचं वेड. तो इतकी कणीक लावायचा, की एका थापेचा आवाज विरायच्या आत दुसरी थाप पडायची आणि रामधनचे शब्द त्या गदारोळात बुडून जायचे. मग रामधन गाता गाताच हात लांबवून चिमूटभर कणीक काढायचा आणि उरलेली आंगठ्याने सारखी करायचा. त्या आंगठ्यावर विळा लागल्याची आडवी खूण होती.

जानराव त्याच्या हातावर चापट मारायचा. "तू गाय ना. माह्या कणकेले कायले हात लावतं?"

रामधनची आई रंगूबाई हिला कमी ऐकू यायचं. ती दाराशी बसून भजन ऐकायची.

"माह्या लेकाचं चरण मले कधी आलंच नाही, जानराव," ती म्हणायची. "नुसतं धुम्म धुम्म येते."

"या एकादशीले जरा हलकं वाजवतो, काकू." असं म्हणायचा, आणि रंगात आला की विसरायचा.

पंचावन्न सालच्या पौषात रामधन तापाने गेला.

वर्ष भरलं तेव्हा रंगूबाईच्या घरी भजन ठरलं. त्या मंडळाचा एक रिवाज होता. वर्षाच्या भजनात गेलेल्या माणसाचं चरण कोणी म्हणायचं नाही. टाळ-मृदंग चालू ठेवायचे आणि गाणाऱ्यांनी गप्प बसायचं. तेवढी जागा त्याची. रामधन नेहमी शेवटचं चरण म्हणायचा.

मृदंगाचं डावं कातडं फाटलं होतं. नवं बसवून आणायला जानराव बैलबंडी घेऊन रिसोडला गेला. ती पौष वद्य त्रयोदशी होती. काम लांबलं. निघाला तेव्हा दिवस बुडाला होता, आणि चंद्र पहाटेशिवाय निघायचा नव्हता.

मृदंग मागे घोंगडीत गुंडाळलेला होता. चाकाला हिसका बसला की घोंगडीच्या टोकाची गाठ कातड्यावर आपटायची आणि आवाज व्हायचा. टक... टक... कोरडा, पोकळ. कणीक नसली की डावं तोंड असंच बोलतं.

नाला ओलांडला. बैल जरा थबकले आणि पुन्हा चालू लागले.

मग आवाज बदलला.

धुं...

जानरावने कासरा ओढला. बंडी थांबली. मागे वळून पाहिलं. काळोख. रस्त्यावर कोणी नव्हतं. त्याने बैलांना हाकललं.

धुं...

गोल आवाज. खोल, पण आखूड. उमटला आणि लगेच बाजूला झाला. असा आवाज जानरावने स्वतः कधी काढला नव्हता.

बंडीत कणीक नव्हती.

"कोण हाय?"

...

बैलांचे कान उभे राहिले होते. जानराव पुन्हा वळला नाही.

रंगूबाईच्या अंगणात माणसं वाट पाहत होती. जानरावने घोंगडी सोडली. डाव्या तोंडावर ओली कणीक होती. थोडीशीच, कडेला पातळ केलेली.

"वा, लावूनच आणली," कोणीतरी म्हणालं.

परातीत कणकेचा गोळा तयार होता. सवयीने जानरावचा हात तिकडे गेला. अर्ध्यावरून परत आला.

"आज तरी हलकं वाजवजो, बाबू," दाराशी बसलेली रंगूबाई म्हणाली. "आता मले कोणाचं ऐकायचं हाय, म्हणा."

भजन सुरू झालं. शेवटच्या चरणाशी सगळे गप्प झाले. टाळ हळू वाजत राहिले. जानराव थाप देत होता. थाप. मग मोकळी जागा. थाप. मोकळी जागा.

रंगूबाई ताठ झाली.

"चूप बसा," ती म्हणाली. "माहा लेक चरण म्हणून राह्यला."

कोणी बोलतच नव्हतं.

जानरावने कान दिला. प्रत्येक थापेनंतर दिला. त्याला काही ऐकू आलं नाही. दिव्याची वात तडतडली, तेवढीच. पण म्हातारीचे ओठ हलत होते. कोणाच्या तरी मागोमाग शब्द म्हणावेत, तसे. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

जानराव थांबला नाही. थांबलो तर चरण तुटेल, एवढंच त्याला कळत होतं. हात भरून आला. टाळवाले थकले, एकेक करून थांबले. तो एकटा वाजवत राहिला.

शेवटी रंगूबाईने मान खाली घातली.

"झालं," ती म्हणाली.

भजन झालं की कणीक काढून गाईला घालतात. जानरावने कणीक काढायला हात घातला आणि तो तसाच थांबला.

"कंदील माह्याच हाती होता," दौलतराव पोरांना म्हणाले. "जानराव मले म्हणे, इकडे धर."

दौलतरावांनी कंदील जवळ धरला. जानरावने पापुद्र्यासारखी ती कणीक अलगद सोडवली आणि रंगूबाईच्या तळहातावर ठेवली. म्हातारीने तिच्यावरून बोट फिरवलं. बोट एका जागी अडलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथंच अडलं.

ओल्या कणकेत आंगठा उमटला होता. त्यात एक आडवी खूण होती.