होक्याचा कौल

त्या दिवशी पहाटही थकल्यासारखीच उगवली. पूर्व उजळली तसा धुक्यातून आधी केतकगडाचा झेंडाबुरूज दिसू लागला, मग त्याच्या दोन्ही अंगांनी पसरलेला काळा तट, मग उतारावरच्या करपलेल्या करवंदीच्या जाळ्या, आणि सरतेशेवटी पायथ्याशी पडलेली, वेढा घालून घालून स्वतःच कोंडली गेलेली, सरदार सुभानराव निकाडे यांची छावणी. घोडी खंगली होती, तोफांच्या गाड्यांना गवत वेढले होते, आणि पहारेकऱ्यांनी एकमेकांना हटकणेसुद्धा सोडून दिले होते.

गडावरचे किल्लेदार शिदोजी वारंगे आणि खालचे सरदार हे एकाच गादीचे चाकर. गादीच्या दोन वारसांत भांडण लागले, एकाने एकाचा पक्ष धरला, दुसऱ्याने दुसऱ्याचा, एवढाच काय तो फरक. आरोळी दोन्हीकडून एकाच देवाच्या नावाने उठे. अशी लढाई जिंकणाऱ्यालाही पुरती दमवते, पण हे सांगायला त्या काळी कुणाला सवड नव्हती.

या छावणीत धाको तांडेल नावाचा एक भंडारी होता. जन्म गलबतावर गेलेला, आणि डोंगराचा त्याला मनस्वी कंटाळा. त्याला किनाऱ्यावरून उचलून आणले होते ते त्याच्या होक्यासाठी. सरदारांनी झेंडाबुरुजाखाली सुरुंग लावण्याचे राजकारण योजले होते. जमिनीच्या पोटात सूर्य नाही, तारे नाहीत, तेव्हा दिशा सांगायला दर्यावरचे होकायंत्रच हवे. धाकोने छावणीतल्या देवापुढे बेलभंडार उचलून शपथ घेतली होती, की होका दाखवील ती दिशा मी खरी सांगेन. बुरूज उडाला की त्याला घरी जायची परवानगी होती. तो दिवस मोजत नसे. मोजले की जास्तच थकायला होई.

दिशेला धाको, तसे अंतराला अंताजीपंत. हे गडाचे जुने मोजणीदार. तहाचे बोलणे घेऊन खाली आले आणि सरदारांनी त्यांना अडकवून ठेवले. भुयाराची मोजणी करून द्या, गड पडला तर तुमच्या कुटुंबाला धक्का लागणार नाही, असे सरदारांनी सांगितले, आणि पंतांनी फारशी खळखळ न करता ते मानले. छावणीतले लोक त्यांच्याकडे पाहून हसले. गडावरचे लोक हसले नाहीत. तटावरून त्यांना रोज दिसे, की आपला मोजणीदार सरकारी काठी खांद्यावर घेऊन शत्रूच्या भुयारात शिरतो आहे. पंतांच्या पत्नीला, सगुणाबाईंना, त्यांनी राहत्या घरातून उठवून मारुतीच्या पडवीत घातले.

भुयारात रोज एकच क्रम चाले. बेलदार खोदत, धाको तळाशी होका मांडी, पंत शेजारी काठी उभी धरून दिवा पुढे करीत, आणि काटा स्थिर झाला की धाको बोट दाखवी. सरकारी काठीची टोके झिजून माप कमी भरू नये म्हणून दोन्ही टोकांना लोखंडाची जाड टोपणे, म्हणजे शामी, बसवलेली असे. ती काठी सगळ्यांनी पाहिलेली होती, आणि म्हणूनच तिच्याकडे कुणी पाहत नसे.

एके दिवशी पंतांना खोकल्याची मोठी उबळ आली. ते काठी घेऊन मागे सरकले आणि भिंतीला टेकून बसले. धाको दिव्याची वात सारखी करीत होता. त्याचे लक्ष होक्याकडे गेले, तर काटा सरकत सरकत भलतीकडेच जाऊन थांबला. त्याने बेलदारांना पाणी प्यायला बाहेर धाडले. मग पंतांच्या हातातली काठी मागून घेतली, होक्याजवळ नेली, काटा फिरला. लांब नेली, काटा परतला. गलबतावर होक्यापाशी कोयतासुद्धा कुणाला ठेवू न देणाऱ्या माणसाला यापुढे काही समजावून सांगावे लागत नाही. भुयार बुरुजाला बगल देऊन शेजारच्या घळीकडे चालले होते.

"पंत, हे कधीपासनं?" त्याने विचारले.

"पहिल्या दिवसापासून."

सुरुंग चुकला तर मान जाणार ती होकेवाल्याची.

पंत शांतपणे म्हणाले, "बुरुजाच्या पाठीशी बायामुलं राहतात, तांडेल. सरदारांनी ते विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आपण बेलभंडार उचललेला आहे, मला ठाऊक आहे. सांगायचं असेल तर खुशाल सांगा, मी आपल्याला बोल लावणार नाही."

धाकोला त्यांचा राग आला. दुसऱ्याच्या गळ्यात असले ओझे अडकवून वर बोल लावणार नाही म्हणणारा माणूस त्याला अगदी नको होता. पण बाहेर जाऊन सरदारांच्या डेऱ्याशी उभे राहायचे, तर पुढचे सगळे डोळ्यांसमोर दिसत होते, आणि तसले त्याने या वेढ्यात पुरेसे पाहिले होते. त्याने काठी पंतांच्या हातात परत दिली. बेलदार आत आले तेव्हा तो म्हणाला, "असंच म्होरं खना."

भुयार पुरे झाल्यावर सुभानरावांनी सदर भरवली. दारूचे बुधले आत गेले होते, बत्ती तेवढी द्यायची उरली होती. सरदारांनी सर्वांदेखत पुसले, "तांडेल, आपण बुरुजाखाली आहोत?"

धाको म्हणाला, "होका म्हनतो त्यापरमानं बुरजाखालीच हाव, सरकार." यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरीही शपथ मोडली हे त्याला चांगले ठाऊक होते.

बत्ती दिली. डोंगर हादरला, धुरळ्याने दिवस झाकला, आणि धुरळा बसला तेव्हा झेंडाबुरूज होता तिथेच होता; उडाली होती ती घळीची कड, आणि ती सरदारांच्याच मोर्चावर कोसळली होती. सुभानरावांनी होकेवाल्याला पुढे ओढायला सांगितले. धाकोने तोंड उघडण्याआधीच अंताजीपंत काठी घेऊन पुढे झाले.

"सरदारसाहेब, या शामी लोखंडाच्या आहेत. होक्याशेजारी धरल्या की काटा फिरतो. तांडेलाला मी हे कळू दिलं नाही."

"तुला ठाऊक होतं?" सरदारांनी धाकोला विचारले.

धाकोने पंतांकडे पाहिले नाही. "न्हाई, सरकार," तो म्हणाला.

पंतांची मान मारायला मात्र कुणी धजेना. ब्रह्महत्या, असे सदरेत कुजबुजले गेले. सुभानराव मेलेल्या आवाजात हसले आणि म्हणाले, आपण कशाला पाप घ्यायचे, पंतांना मानाने त्यांच्या गडाकडे जाऊ द्या. पंतांना त्यातला डाव कळला असावा, कारण त्यांनी आभार मानले नाहीत. ते उतार चढू लागले, सावकाश, मधूनमधून खोकत. भर दुपारी, तटाच्या ऐन पल्ल्यात आल्यावर वरून ओरड उठली, "फितूर, फितूर", आणि ज्यांना त्यांनी वाचवले होते त्यांच्याच बंदुका त्यांच्यावर झडल्या.

रसद संपली होती, उभारी तर कधीच संपली होती. त्याच संध्याकाळी छावणी उठवण्याचा हुकूम सुटला. प्रेत उचलायला आलेल्यावर दोन्हीकडून गोळी सुटत नसे, एवढा शिरस्ता अजून शिल्लक होता; रात्री पंतांची चिता पायथ्याशी जळताना तटावरून दिसली.

दुसऱ्या दिवशी फौज निघाली. धाकोला घरी जायला मोकळीक मिळाली. दर्याची वाट डावीकडे होती. तो फाट्यावर बराच वेळ बसला, आपल्यालाच शिव्या घातल्या, आणि उठून गडाची वाट चढू लागला.

किल्लेदारांनी त्याला सदरेवर उभे केले. धाकोने सगळे सांगितले. शामी, काटा, आपली शपथ, आणि आपले 'न्हाई'सुद्धा. तो म्हणाला, "साक्षीला मीच हाय. दोनदा खोटं बोललेला मानूस. धरा नायतर नका धरू. हवं तर भुयार मोजून बघा." शिदोजी वारंगे यांनी माणसे धाडली. ती परत येऊन म्हणाली, भुयार पहिल्यापासूनच बुरूज सोडून घळीकडे वळलेले आहे. ज्या बंदूकवाल्यांनी गोळ्या झाडल्या होत्या ते खाली मान घालून भिंतीशी बसले. किल्लेदारांनी सगुणाबाईंना बोलावून घेतले, त्यांच्यापुढे पागोटे उतरवून ठेवले, घर परत देतो म्हणाले, इनाम देतो म्हणाले.

बाईंनी ते ऐकलेसे दिसले नाही. त्या धाकोकडे वळल्या.

"त्यांना अग्नी कोणी दिला?"

हे धाको कुणालाच सांगणार नव्हता. "मी दिला, आईसाहेब. दुसरं कोनी म्होरं यीना. भंडारी हाय मी, मंतर नाय की काय नाय. चूक झाली आसंल तर..."

सदरेवरचे भटजी चुळबुळले. सगुणाबाईंनी हाताने त्यांना गप्प केले.

"अग्नी दिलात ना," त्या म्हणाल्या, "मग दहावं झाल्याशिवाय तुम्हाला जाता येणार नाही."

धाको थांबला.