दोन्ही फिल्मा काळ्या

डॉक्टर शिवयोगी कोनापुरे आले तेच मुळी तावातावात. सात रस्ता चौकात सायकलच्या दुकानावरच्या माडीत चनमल्लप्पा बिराजदारांचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. जिना असा उभा, की अशील वर येईपर्यंत त्याचा निम्मा राग उतरायचा. डॉक्टरांचा उतरला नाही.

"माझी फिल्म कुणीतरी खराब केली," खुर्चीत टेकायच्या आधीच ते म्हणाले. "आणि त्यापायी एका पोरीचा पाय मी कापला."

चनमल्लप्पांचा मदतनीस हिंदुराव चहाची बशी तोंडाशी नेता नेता थांबला. एके काळचा तालमीतला गडी तो. डोकं जरा सावकाश चालायचं, पण एवढं त्यालाही कळलं, की या गृहस्थाला आधी फिल्म आठवली आणि मग पोरगी.

"नीट सांगा," चनमल्लप्पा म्हणाले. "आमच्या हिंदुरावाला कळेल असं."

"काही गाठींना रक्त पुरत नाही, म्हणून प्राणवायू पोचत नाही. अशी गाठ किरणांना दाद देत नाही, अवयव कापावाच लागतो. बाहेरून हे कळत नाही. म्हणून मी किरणोत्सर्गी खूण लावलेलं एक औषध मुंबईहून आणवलं. सुईनं टोचलं, की जिथं प्राणवायू नाही त्या मांसाला ते चिकटून बसतं. जिथं आहे तिथून धुऊन जातं. दुसऱ्या दिवशी दोन तुकडे काढायचे, एक गाठीचा, एक त्याच पायाच्या चांगल्या मांसाचा. ते वेगवेगळ्या फिल्मवर ठेवून द्यायचे. औषध चिकटलं असेल तिथं फिल्म काळी पडते."

"आणि त्या पोरीची?"

"काळीकुट्ट! म्हणून किरणांसाठी मुंबईला धाडली नाही. पाय मांडीतून कापला. नंतर गाठ उघडून बघतो, तर लालबुंद, रक्तानं भरलेली. किरणांनी विरघळली असती." डॉक्टरांनी टेबलावर मूठ आपटली. "पुढच्या महिन्यात मुंबईच्या परिषदेत मी यावर बोलणार आहे. डार्करूममधला सिदू माझ्यावर डूख धरून आहे. त्यानंच फिल्मला उजेड दाखवला. तेवढं सिद्ध करा, मी त्याला पोलिसांत देतो."

"पोरीच्या आईला तुम्ही काय सांगितलं होतं?"

"त्या लोकांच्या तोंडी मी लागत नाही. एक सांगावं, तर दहा विचारतात."

दवाखान्यात सिदू डार्करूमच्या दाराशी उकिडवा बसला होता. रडून रडून डोळे सुजले होते.

"साहेब, डाक्टर मला रोज शिव्या देतात, खोटं कशाला बोलू? पण माझ्या घरात बी तेवढीच पोरगी हाय. तिचा पाय मी कापायला लावीन व्हय?"

चनमल्लप्पांनी दोन्ही फिल्मा, गाठीची आणि चांगल्या मांसाची, खिडकीशी धरल्या आणि हिंदुरावाकडे दिल्या. "काय दिसतं?"

"हिच्यावर एक काळा डाग, तिच्यावर एक. भोवतीनं निवळ पाण्यासारखं."

"दोन्ही डाग सारखेच काळे?"

"अगदी."

"लक्षात ठेव," म्हणून चनमल्लप्पा पुढे निघाले. काय लक्षात ठेवायचं, ते हिंदुरावाला काही उमगलं नाही.

आतल्या खोलीत ती पोरगी होती, मायाक्का, चौदा वर्षांची. मंगळवेढ्याकडच्या मेंढपाळाची लेक, बाप मेलेला. खाटेशी जमिनीवर बसून तिची आई बनाबाई टकळीवर लोकर कातत होती. हात रिकामा ठेवायची सवयच नव्हती तिला.

"आये, अंगठा खाजतुया," मायाक्का म्हणाली.

"कुटला गं?"

"त्योच. न्हाय त्यो."

हिंदुरावानं नजर खिडकीकडे वळवली. चनमल्लप्पांनी मात्र शांतपणे विचारलं, "बनाबाई, त्या दिवशी सुई कुठं दिली होती?"

"दुखऱ्या पायालाच की. घोट्यापाशी."

"मग?"

"मग डाक्टर सांगून गेला तसं केलं. पोर लई रडली, हातापाया पडली माज्या. पर म्या सोडलं न्हाय."

सुई टोचताना पोरीला दाबून धरलं असेल, असं हिंदुरावाला वाटलं. पांघरूण सरकलं तेव्हा मांडीवर, पट्टीच्या बऱ्याच वर, एक काळसर वळ दिसला. पट्टी काचली असेल, असंही त्याला वाटलं.

बाहेर मुलीचा चुलता धुळा तंबाखू मळत होता. मायाक्का त्याच्या पोराला द्यायची ठरली होती.

"आता कशाचं लगीन?" तो म्हणाला. "एका पायाची सून मेंढरामागं फिरंल का? आमी दुसरी बगितली बी."

"वहिनीला सांगितलंत?" चनमल्लप्पांनी विचारलं.

"सांगू की सवडीनं. तशी वहिनी लाख मोलाची. मला नागानं धरलं, तवा तिनंच वाचिवलं." त्यानं धोतर वर केलं. गुडघ्याखाली काळसर वळ होता. हिंदुरावानं कौतुकानं मान हलवली.

चनमल्लप्पांनी सगळ्यांना डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं. बनाबाईला तेवढं वगळलं.

"उजेड लागला असता, तर फिल्म कडेपर्यंत काळवंडली असती," ते म्हणाले. "इथं काळे आहेत ते फक्त तुकड्यांचे ठसे. फिल्म खरी आहे. सिदू निर्दोष आहे."

सिदूनं भिंतीला पाठ टेकली.

"खरी? मग गाठ लाल कशी?" डॉक्टर उसळले.

"चांगलं मांस काळं कसं, हे आधी विचारायला हवं होतं. गाठीत हवा नसेल एक वेळ. धडधाकट मांसात का नसावी?"

"मला वाटलं, रोग पसरला असेल..."

"तुम्हाला काळी फिल्म हवी होती. ती मिळाली आणि तुमचं बघणं संपलं. डॉक्टर, त्या दिवशी अख्खा पायच गुदमरला होता. कुणीतरी मांडीला दोरी आवळली होती. मायाक्काच्या मांडीवर वळ आहे, तसाच धुळाच्या पायावर. दोन्ही एकाच हातचे."

"वहिनी?" धुळाच्या हातातली तंबाखू सांडली.

डॉक्टरांचा चेहरा मात्र उजळला. "म्हणजे त्या अडाणी बाईनंच! वा! मग माझ्या पद्धतीत काहीच दोष नाही. उलट सिद्धच झाली की!"

हिंदुरावाचे हात शिवशिवले. दहा वर्षांपूर्वीची गोष्ट असती, तर त्यानं डॉक्टरांना तिथंच चीत केलं असतं.

"या पोरीला याआधीही सुया दिल्या होत्या," चनमल्लप्पा म्हणाले. "तेव्हा दोरी नाही बांधली. याच सुईला का? बनाबाई म्हणाली, डॉक्टर सांगून गेले तसं केलं. काय सांगून गेला होतात?"

"मला काय आठवतंय!"

"मला आठवतंय की."

दार उघडंच राहिलं होतं. बनाबाई चौकटीत उभी होती, टकळी हातातच.

"म्या इचारलं, ह्यात काय हाय? तुमी वराडला, इष हाय. साप चावलाय समज आन् गप बस." ती सरळ डॉक्टरांकडे बघत होती. "म्या समजले. इष वर चडू नये म्हून दोरी आवळली. सांजंपत्तोर सोडली न्हाय."

"ते आपलं चिडून बोललो असेन," डॉक्टर पुटपुटले.

"दोरी बांदली नसती, तर पाय ऱ्हायला असता?"

चनमल्लप्पा खाली बघू लागले.

"हो," डॉक्टर म्हणाले. "राहिला असता." मग चनमल्लप्पांकडे वळून म्हणाले, "हे दोरीचं मला लेखी द्या. परिषदेत लागेल."

"आये!" आतल्या खोलीतून हाक आली. "परत खाजतुया गं!"

बनाबाई लेकीकडे गेली. हिंदुराव मागोमाग गेला, कशासाठी ते त्यालाही ठाऊक नव्हतं. टकळी बाजूला ठेवून ती खाटेवर पायथ्याशी बसली आणि जिथं पोरीचा पाय असायला हवा होता, तिथली चादर नखांनी खाजवू लागली.

"हितं का गं?" तिनं विचारलं.

"जरा खाली, आये."

ती जरा खाली सरकली.