शंभर श्वासांची मर्यादा

मिरजेतल्या त्या दवाखान्यात चहाची वेळ झाली होती. सुमनताई कुलथे मोसंबी सोलत होत्या, पण लक्ष सगळं नवऱ्याच्या छातीकडे. वसंतरावांच्या मानेत चिंचोक्याएवढा श्वासनियामक बसवलेला होता. मेंदूने सोडून दिलेलं श्वासाचं काम तो करायचा. असे नियामक सहजासहजी मिळत नसत. गेलेल्या माणसाचा काढून, उकळून दुसऱ्याला बसवायची पद्धत आता चांगलीच रुळली होती.

वसंतरावांना तो कालच बसवला होता आणि सकाळपासून त्यांचा श्वास मंदावत चालला होता. म्हणून अभियंता मृदुला आवटीला बोलावणं गेलं. तिने आल्या आल्या लॅपटॉपवर डिबगर उघडला. चालता प्रोग्रॅम थांबवून त्याच्या पोटात काय चाललंय ते दाखवणारं हे साधन. पण प्रोग्रॅम थांबला की श्वासही थांबणार, म्हणून डॉ. नदाफ हाताने पिशवी दाबून हवा देत होते.

कुठलीही यादी शंभर नोंदींवर तोडायची, ही डिबगरची मूळची सवय. मृदुलाला तिचा भारी राग. अर्धवट बघून निदान करायचं तरी कसं? तिने ती मर्यादा कधीच काढून टाकली होती.

नियामक जिच्यावरून पुढचा श्वास कसा घ्यायचा ते शिकतो, ती ‘मागचे श्वास’ ही यादी तिने उघडली आणि पडदा गोठला. नियामक बसवताना त्या यादीला कोणी आरंभमूल्य, म्हणजे सुरुवातीचा कोरा आकडा, दिलंच नव्हतं. आत पडून राहिलेला कुठला तरी जुना आकडा हीच यादीची लांबी समजून डिबगर चारशे कोटी श्वास मांडायला बसला होता. स्वतः हलेना आणि नियामकालाही सोडेना.

“मृदुला, प्राणवायू उतरतोय,” नदाफ म्हणाले. “नुसत्या पिशवीवर फार वेळ निभणार नाही.”

हे तिच्याच हट्टाने ओढवलं होतं. तिने डिबगर बळजबरीने बंद केला, मर्यादा पुन्हा शंभरावर आणली आणि नियामकाशी जोडणी केली. यादी झटक्यात उघडली.

आत निरर्थक आकड्यांचा कचरा असेल असं तिला वाटलं होतं, पण तो कचरा नव्हता. प्रत्येक श्वास आधीच्यापेक्षा उथळ होता आणि दोन श्वासांमधलं अंतर वाढत गेलं होतं. शंभराव्याच्या पुढचं दिसत नव्हतं, पण पुढे काय असणार हे तिला कळलं.

“डॉक्टर, नियामक उकळला, पण आतून कोणी पुसलाच नाही. हे आधीच्या माणसाचे शेवटचे श्वास आहेत. यंत्र ते वसंतरावांचेच समजून गिरवत बसलंय.”

नदाफांचा हात थबकला आणि लगेच पुन्हा पिशवी दाबू लागला. मृदुलाने सगळ्या यादीत शून्य भरलं आणि प्रोग्रॅम सुरू केला. थोड्या वेळाने वसंतरावांची छाती आपणहून वर आली. यादीत पहिली नवी नोंद उमटली, मग दुसरी.

सुमनताईंनी सगळं ऐकलं होतं. मोसंबीची फोड तशीच हातात राहिली होती.

“बाई, आता घेतायत तो श्वास यांचाच ना?”

मृदुला ‘हो’ म्हणणार होती, पण तिची नजर पुन्हा पडद्याकडे वळली. यादी पुसली होती हे खरं. पण त्या जुन्या यादीवरून यंत्र सकाळपासून जे शिकलं, ते त्याने कुठे साठवलं असेल?