समुद्राकडे दार नसलेलं घर

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. आईने आणि शेजारच्या धोंडूकाकांनी मला जे सांगितलं, तेवढंच मी सांगतोय. पदरचं काही नाही.

साल १९२७. गाव केळशी. दिवाळीच्या तोंडावर, तिन्हीसांजेला वादळ आलं.

किनाऱ्याच्या पुळणीवरची आमची वाडी वाहून चालली होती. सगळे मासळीच्या दगडी कोठारात शिरले. माझी आई राही, तिच्या कडेवर तान्हा मी. माझे वडील भिकाजी यांनी आतून अडसर घातला.

मालन आत्या, वडिलांची धाकटी बहीण, शेळी सोडायला मागे राहिली होती.

थोड्या वेळाने दारावर थाप पडली...

“दादा, दार उघड.”

पाणी उंबऱ्याला लागलं होतं. वडील अडसराला पाठ लावून उभे राहिले.

“उघडलं तर सगळेच मरू.”



थापा बराच वेळ पडत होत्या.

मग थांबल्या.

मालन आत्याचं प्रेतसुद्धा सापडलं नाही.

पुढच्या वर्षी वाडी वर सड्यावर, कातळाच्या माळावर बांधली. आखणी वडिलांचीच. उंच जोती, चिऱ्याच्या जाड भिंती, बसकी छपरं. समुद्राच्या अंगाला एकाही घराला दार नाही, खिडकी नाही. वारा आत शिरायला नको, म्हणाले. लांबलांबचे लोक ती घरं बघायला यायचे.

राहायला गेल्यावर थोड्याच दिवसांत, भर दुपारी...

समुद्राकडच्या भिंतीवर थाप.

बाहेर कुणीच नव्हतं. चिरा तेवढा ओला. आईने बोट लावून चाखलं.

खारट.

मग हे रोजचंच झालं. “वारा आहे,” म्हणून वडील कूस बदलायचे.

एके दुपारी थापेमागून आवाज आला...

“वहिनी, दार कुठं गो?”

आई भिंतीजवळ गेली.

“हिकडे नाय गो, मालन. डोंगराच्या अंगाला हाय.”

तिने मला उचललं, कळशी घेतली आणि विहिरीवर गेली. वडील आत झोपले होते.

परत आली, तर दार बंद. अडसर आतून.

आणि आतून थापा...

“राही, दार उघड. पाणी वाढतंय.”

धोंडूकाकांनी कुऱ्हाडीने दार फोडलं. जमीन कोरडी होती. वडील दारामागेच पडले होते. तळहात सोललेले. कुशीवर वळवलं, तर तोंडातून समुद्राचं पाणी आलं.

ती घरं पुढची सगळी वादळं झेलून उभी राहिली. राहायला मात्र कुणी थांबलं नाही.

मोठेपणी मी आईला विचारलं, “तिला दार का दाखवलंस?”

“तिने विचारलं म्हणून.”

आई म्हणायची, त्या दुपारी आपणच हाका मारून माणसं गोळा केली. धोंडूकाका मरायच्या आधी वेगळंच सांगून गेले. हाका वडिलांच्या होत्या. त्या ऐकून धोंडूकाका धावले, तेव्हा आई मला मांडीवर घेऊन दारासमोर बसली होती...

मला पाजत.